खंडित मागणीचा प्रश्न

हाती घेतलेले काम मध्येच टाकून उठावे लागणे हा मनुष्याच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. आणि शाळेच्या मुख्याध्यापकाइतका तो अनुभव दुसऱ्या कोणास क्वचितच येत असेल. प्रवेश-नोंदवहीत एखाद्या मुलाचे नाव लिहावयास घ्यावे, वडिलांचे नाव लिहून जन्मतारखेच्या रकान्यापाशी यावे, आणि तेवढ्यात घंटा व्हावी, शिपाई दारात उभा राहावा, किंवा कोणी पालक नमस्कार करीत आत यावा. पंधरा मिनिटांनी परतून लेखणी उचलली, म्हणजे पहिला प्रश्न पडतो तो हा, की आपण कोठवर आलो होतो? त्याचे उत्तर ठाऊक असेल तर व्यत्ययाने काहीच बिघडत नाही. ठाऊक नसेल तर एकाच मुलाची नोंद दोनदा होते, किंवा एखाद्याची होतच नाही.

संगणकाच्या अंतर्भागात नेमका हाच प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि त्यावर दोन पंथही पडलेले आहेत. वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात असा विषय मांडताना आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास संकोच वाटावा हे साहजिक आहे. परंतु जो विषय एखाद्या भाषेत सांगता येत नाही, तो त्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांना परकाच राहतो. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके पलीकडे गेले. आम्ही नार्नूरकडील मराठी बोलणारे अलीकडे राहिलो. आमच्या वर्गात घरी गोंडी, लंबाडी, तेलुगू आणि मराठी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या संगणकाच्या पोटात डोकावू म्हणेल, तर निदान पहिली पायरी त्याला ओळखीच्या शब्दांत मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा घडला. काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांची यादी आमच्या शाळेतून एका कार्यालयाकडे संगणकाने पाठवावयाची होती. अखेरचा दिवस होता. यादी जात असता मध्येच जोडणी तुटली. लिपिकाने ती पुन्हा जोडून यादी पुन्हा पाठविली. पुन्हा तुटली, पुन्हा पाठविली. सायंकाळी पोहोचलेली यादी पडताळून पाहिली, तेव्हा एका मुलाचे नाव दोनदा आणि एका मुलीचे मुळीच नाही, असे आढळले. ती मुलगी परीक्षेस बसली. पण त्यासाठी तिच्या वडिलांना मजुरी बुडवून दोन वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. ‘पाठविले होते’ आणि ‘पोहोचले होते’ या दोन वाक्यांतील अंतर किती असते, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

पुढे दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो हैदराबादेस संगणकाचेच काम करतो. यादीची हकीकत ऐकून तो म्हणाला, “सर, मी सध्या ज्या दुखण्यावर बसलो आहे, ते याच जातीचे आहे.” त्याच्याकडे एक आभासी जाळ्याचा प्रोग्राम होता. तो दिवसभर सुरळीत चाले आणि एखाद-दुसऱ्या वेळी ‘चूक क्रमांक 4’ एवढे सांगून मरून पडे. सोबती सल्ला देत, की चूक आली तर पुन्हा प्रयत्न कर म्हणून लिहून टाक, म्हणजे झाले. तो सल्ला अर्धा खरा होता, आणि अर्धे सत्य कोठे संपते हे त्याने दोन संध्याकाळी आम्हांस समजावून दिले. पुढील विवेचन त्या दोन संध्याकाळींचे फळ आहे. दृष्टान्त मात्र आमचे आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करू. संगणकातील कोणताही प्रोग्राम स्वतः तबकडीवर लिहीत नाही, की तारेवर काही पाठवीत नाही. ते सर्व अधिकार मध्यवर्ती व्यवस्थेकडे असतात. तिला इंग्रजीत ‘केर्नेल’ म्हणतात. त्याचा ‘कर्नल’ केल्यास वाचकापुढे पलटणीतला अधिकारी उभा राहील, म्हणून आम्ही ‘गाभा’ म्हणू. प्रोग्रामाला काही हवे असले, की तो गाभ्याकडे अर्ज करतो. ‘हे वाचून दे’, ‘हे लिही’, ‘अमुक येईपर्यंत मला थांबव’. या अर्जाचे नाव सिस्टिम कॉल. आम्ही त्यास ‘मागणी’ म्हणतो. मागणी पुरी होईपर्यंत प्रोग्राम निजून राहतो. तो निजलेला असताना त्याच्याकडे तातडीचा निरोप येऊ शकतो. नेमलेली वेळ भरली, पोटातील दुसरे काम संपले, कोणी ‘बंद कर’ असे कळफलकावरून सांगितले, इत्यादी. या निरोपाला ‘सिग्नल’ म्हणतात, आणि हा शब्द आगगाडीमुळे आपल्या परिचयाचाच आहे. आता निरोप आला असता अर्धवट राहिलेल्या मागणीचे काय करावे, हा सारा प्रश्न.

तो प्रथम ज्यांच्यापुढे आला, त्यांतील एक मंडळी अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठाची होती. तेथे 1960 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आय.टी.एस. नावाची प्रणाली रचली गेली. तिचा दंडक कडक होता: कोणताही प्रोग्राम मागणीच्या मध्यावर अडकलेला असा बाहेरच्यास कधी दिसताच कामा नये. एक तर मागणी पुरी झालेली असावी, नाही तर गाभ्याने पावले मागे घेऊन ती जणू अजून केलीच नाही अशी स्थिती आणावी. काही भाग झालाच असेल, तर अर्जातील मजकूर सुधारून तो उरलेल्या भागापुरता करून ठेवावा, म्हणजे निरोप ऐकून परतलेला प्रोग्राम आपोआप उरलेलेच काम मागेल. हे सर्व साधावयास गाभा लिहिणाऱ्यांना फार कष्ट पडत. ॲलन बॉडेन यांनी 1989 साली या पद्धतीचे विवेचन केले आहे. आमच्या नोंदवहीच्या भाषेत सांगावयाचे, तर घंटा होताच लिपिकाने अर्धी ओळ पुसून, वही मिटून, सारे पूर्ववत करूनच उठावे, असा तो नियम होता.

दुसरी मंडळी न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेची. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 1969 पासून तेथे युनिक्स घडविली. त्यांनी गाभा सोपा ठेवण्याकडे लक्ष दिले. निरोप आला, तर गाभा मागणी सोडून देतो आणि प्रोग्रामाला एवढेच कळवितो, की मागणी खंडित झाली. या सूचनेचे नाव ईआयएनटीआर, आणि तिचा क्रमांक 4. पुन्हा मागावयाचे की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवावे. रिचर्ड गॅब्रिएल यांच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधात या दोन पंथांच्या प्रतिनिधींचा संवाद आहे, आणि त्यांच्या वादाचा विषय हीच खंडित मागणी आहे. एकास निर्दोष आचरण हवे, दुसऱ्यास साधी घडण हवी. आणि जगात पसरले ते साधेच, असा त्या निबंधाचा रोख आहे. आय.टी.एस.ची एम.आय.टी.तील यंत्रे 1990 साली बंद झाली. युनिक्सचा वंश मात्र आज आमच्या खिशातील भ्रमणध्वनीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. क्रमांक 4 हा चुकांच्या यादीत छापलेला असला, तरी वस्तुतः ती चूक नव्हे. ‘फाइल सापडली नाही’ ही चूक आहे. ‘मला हाक आली म्हणून उठलो’ ही चूक नव्हे, तो वृत्तान्त आहे. पण वृत्तान्त आणि अपयश यांना एकाच रांगेत बसविले, की घाईत असलेला मनुष्य दोहोंना सारखेच वागवितो. आमच्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम मरत होता तो याच गैरसमजाने.

हे ओझे प्रत्येक लेखकावर टाकणे अवघड आहे, हे लवकरच दिसून आले. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील शाखेने 1983 च्या 4.2 बीएसडी या आवृत्तीत वाचणे, लिहिणे अशा काही मागण्या खंडानंतर गाभ्यानेच पुन्हा सुरू कराव्यात, अशी सोय केली. सिस्टिम फाइव्ह ही दुसरी शाखा मात्र जुन्याच रीतीने चालली. परिणामी एकच प्रोग्राम एका यंत्रावर जगे आणि दुसऱ्यावर मरे. 1988 च्या पॉझिक्स या प्रमाणग्रंथानेही दोन्ही रीतींना मुभा ठेवली. पुढे ‘एसए-रीस्टार्ट’ नावाची खूण रूढ झाली. अमुक सिग्नलामुळे खंड पडल्यास मागणी आपोआप पुन्हा चालू व्हावी की नाही, हे तिच्या योगे प्रोग्रामाला आगाऊ सांगता येते.

आता आभासी जाळ्याकडे वळू. संगणकाला जाळ्याशी जोडणारे उपकरण म्हणजे एरवी एक खरीखुरी वस्तू, जिच्या टोकाला तार असते. तिला हाताळणाऱ्या गाभ्यातील भागाला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. लिनक्समध्ये मॅक्सिम क्रास्न्यान्स्की यांनी 1999-2000 च्या सुमारास असा एक ड्रायव्हर सिद्ध केला, की ज्याच्या टोकाला तारच नाही. तारेच्या जागी एक प्रोग्राम बसलेला असतो. त्याचे नाव ‘टन’. हा वजनाचा टन नव्हे. बोगदा या अर्थाच्या ‘टनेल’ शब्दाचा तो तुकडा आहे. ‘टॅप’ हे त्याचेच भावंड. संगणकाने बाहेर धाडलेले प्रत्येक पाकीट तारेवर न जाता या प्रोग्रामाच्या हाती येते. तो त्यास कुलूप घालून दुसऱ्या मार्गाने रवाना करतो, आणि दूरच्या टोकाचा जोडीदार कुलूप काढून ते पाकीट आपल्या बाजूच्या जाळ्यात सोडतो. 2001 साली निघालेला ओपनव्हीपीएन हा प्रसिद्ध प्रोग्राम याच तत्त्वावर उभा आहे. इंग्रजी ‘पॅकेट’ला आपला ‘पाकीट’ हा शब्द इतका चपखल बसतो, की येथे परिभाषा घडविण्याचे कष्टच नकोत. कारण हे खरोखर टपालाचे पाकीटच आहे. वर पत्ता, आत मजकूर, आणि एका वाचनात एकच पाकीट हाती येते, अर्धे नाही की दीड नाही.

हा अविभाज्यपणाच आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. प्रोग्रामाने ‘टन’पाशी वाचनाची मागणी केली आणि पाकीट आलेले नसले, म्हणजे ड्रायव्हर त्यास निजवितो. जागा होताच तो क्रमाने दोन गोष्टी पाहतो. पाकीट आले आहे काय? आले असल्यास ते देऊन मोकळा होतो. नसल्यास, निरोप आला आहे काय? आला असल्यास तो ‘ईरीस्टार्टसिस’ या नावाची, 512 क्रमांकाची खूण परत करतो. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. आधी पाकीट, मग निरोप. त्यामुळे खंडाची खूण परतली, याचा अर्थ एकही पाकीट रांगेतून काढले गेलेले नाही, असाच होतो. काहीच घडलेले नसल्याने मागणी पुन्हा करणे निर्धोक ठरते.

आणि 512 ही खूण प्रोग्रामाला कधी दिसावयाची नाही. ती गाभ्याची घरातली भाषा आहे. निरोपाचे काम उरकले, की गाभा पाहतो, की एसए-रीस्टार्टची खूण आहे काय. नसेल, तर 512 चा 4 करून प्रोग्रामाला देतो. असेल, तर इंटेलच्या घराण्यातील यंत्रांवर तो प्रोग्रामाचा पुढील पाऊल दर्शविणारा काटा 2 बाइट मागे सरकवितो. मागणी करणारी यंत्रभाषेतील आज्ञा बरोबर 2 बाइटांची असते. त्यामुळे प्रोग्राम तीच मागणी नव्याने करतो, आणि मध्ये काही झाले होते याचा त्यास पत्ताही लागत नाही. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की ही तर आय.टी.एस.वाल्यांची पाऊल मागे घेण्याची युक्ती! जो पंथ मागे पडला, त्याचा विचार विजयी पंथाच्या घरात असा मागल्या दाराने शिरला आहे.

तर मग ‘खंड पडला की पुन्हा करा’ हा नियम सरसकट का लावू नये? आमच्या विद्यार्थ्याच्या सोबत्यांचे म्हणणे हेच होते. परंतु त्यास निदान चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच पाकिटाची. प्रोग्रामाने ‘टन’मधून पाकीट घेतले, कुलूप घातले, आणि पुढे धाडताना खंड पडला. अशा वेळी कित्येक लेखक फेरीच्या आरंभी परत जातात, म्हणजे नवे पाकीट वाचावयास घेतात. हातातले पाकीट मात्र कायमचे हरवते. गंमत अशी, की ही हानी सहसा उघडकीस येत नाही. टीसीपी या व्यवहारपद्धतीत पोच न आलेले पाकीट पाठविणारा पुन्हा पाठवितो, आणि ‘जाळे जरा मंद आहे’ एवढेच लोक म्हणतात. पुन्हा करावयाची ती खंडित झालेली मागणी, सबंध फेरी नव्हे.

दुसरी ठेच अर्धवट लेखनाची. बोगद्याचा पुढला मार्ग पाकिटांचा नसून टीसीपीसारखा अखंड प्रवाहाचा असेल, तर तेथे अर्धे काम होऊ शकते. 1500 बाइट लिहावयाचे असता 600 लिहून झाल्यावर निरोप आला, तर गाभा 4 न देता ‘600 झाले’ असे सांगतो. उरलेले 900 पुढे लिहिले पाहिजेत. जो पुन्हा पहिल्यापासून 1500 लिहील, त्याच्या जोडीदाराला एक पाकीट कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते याचा मेळच लागणार नाही. आमच्या यादीत एक नाव दोनदा पडले ते याच कारणाने, असे आम्ही म्हणत नाही. पण दोहोंचे गोत्र एक आहे.

तिसरी ठेच दार लावण्याची. प्रत्येक उघडलेल्या मार्गास एक क्रमांक असतो आणि काम संपल्यावर तो परत द्यावयाचा असतो. ही परत देण्याची मागणी लिनक्सवर खंडित झाली, तरी क्रमांक आधीच मोकळा झालेला असतो. तीच मागणी पुन्हा केली, आणि तेवढ्या अवधीत तोच क्रमांक दुसऱ्या कामास मिळाला असेल, तर आपण शेजाऱ्याचे दार लावून येतो. एचपी-यूएक्स या प्रणालीवर मात्र उलट आहे. तेथे क्रमांक उघडाच राहतो आणि पुन्हा लावावा लागतो. एकच शब्द, दोन घरी दोन अर्थ.

चौथी ठेच वाट पाहण्याची. अनेक मार्गांवर एकदम नजर ठेवावयाची असते तेव्हा सिलेक्ट, पोल यांसारख्या मागण्या करतात. बोगद्याचा प्रोग्राम तर सारा वेळ याच मागणीत घालवितो. एसए-रीस्टार्ट लावूनही लिनक्स या मागण्या आपोआप पुन्हा सुरू करीत नाही. तेथे 4 यावयाचाच, आणि लेखकाने त्याची तजवीज केलीच पाहिजे. शिवाय ‘निरोप आला आहे काय’ हे पाहून झाल्यावर आणि निजण्यापूर्वी, त्या निमिषात निरोप आला, तर प्रोग्राम तो ऐकूनही निजूनच राहतो. त्यावर उतारा म्हणून निरोपाचे दार उघडणे व निजणे या दोन क्रिया एकजीव करणारी ‘पीसिलेक्ट’ ही मागणी निघाली; लिनक्सच्या गाभ्यात ती 2006 साली आली.

आता याच्या अगदी उलट चूक, म्हणजे 4 पाहताच घाबरून सारे बंद करणे, तीही पाहू. ‘टन’चे उपकरण मुद्दाम कायम म्हणून नोंदविलेले नसेल, तर ते धरून बसलेल्या प्रोग्रामाच्या आयुष्याएवढेच त्याचे आयुष्य असते. प्रोग्राम गेला, की उपकरण जाते, आणि त्या मार्गाने जाणाऱ्या सर्व वाटांच्या नोंदीही पुसल्या जातात. एका निरुपद्रवी निरोपाला मृत्युपत्र समजल्यामुळे बोगद्याच्या दोन्ही टोकांची माणसे एकमेकांस दिसेनाशी होतात. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामात हेच घडत होते. त्याने पोटातील एका दुय्यम कामाला मोकळे केले, की ते संपताना निरोप पाठवी. तो निरोप नेमका वाट पाहण्याच्या मागणीत शिरे, आणि प्रोग्राम स्वतःस अपयशी समजून मरे. उपाय चार ओळींचा होता. पण त्या चार ओळी कोठे घालावयाच्या आणि कोठे मुळीच घालावयाच्या नाहीत, हे कळावयास त्याला महिना लागला.

अलीकडे हा भार लेखकाच्या खांद्यावरून उतरविण्याकडे भाषांचा कल आहे. पायथन या भाषेने 2015 च्या 3.5 या आवृत्तीपासून खंडित मागण्या स्वतःच पुन्हा करण्याचे ठरविले. आणि निजण्याची मुदत ठरलेली असेल, तर उरलेली मुदत मोजूनच ती पुन्हा करते, हे विशेष. याउलट गो या भाषेने 2020 च्या 1.14 या आवृत्तीत आपल्या अंतर्गत कारभारासाठीच सिग्नलांचा वापर वाढविला, आणि गाभ्याशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रामांना क्रमांक 4 अधिक वेळा भेटू लागला. तात्पर्य, प्रश्न मिटलेला नाही; तो एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेला आहे.

दोन पंथांपैकी कोणाचे खरे, हा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. आम्हांस या सर्वातून एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. व्यत्यय हा दोष नव्हे. घंटा व्हावयाचीच, आणि दारात माणूस उभे राहावयाचेच. दोष आहे तो ‘किती झाले’ हे न सांगता उठण्यात, आणि ते न विचारता पुन्हा आरंभ करण्यात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ‘काहीच झालेले नाही’ किंवा ‘इतके झाले’ यांपैकी एक वाक्य खरेपणाने सांगावे. ते ऐकणाऱ्याने त्याप्रमाणे वागावे. एवढे पाळले, तर खंडित कामही अखंड होते.

आमच्या शाळेत त्या यादीनंतर एक नियम झाला आहे. कोणतीही यादी पाठविताना जोडणी तुटली, की लिपिक पुन्हा पाठविण्यापूर्वी पलीकडे शेवटचे कोणते नाव पोहोचले, ते प्रथम विचारतो आणि वहीत त्या नावाखाली रेघ ओढतो. ज्या मुलीचे नाव गळले होते, तिचा धाकटा भाऊ पुढे दहावीस बसला. त्याची यादी जात असता जोडणी तीन वेळा तुटली. वहीत तीन रेघा पडल्या. नाव मात्र पहिल्याच खेपेस, एकदाच आणि बिनचूक पोहोचले.